उशा किती घेता?

आमच्या घरात अजून उशा मोजल्या जातात. सकाळी उठलो की चहाच्या आधी मी पलंगाकडे बघतो. मी स्वतः खाली चटईवर झोपतो. जहाजावरची सवय, मऊ गादीवर पाठ धरते. पलंग हिचा. हिच्या डोक्याखाली एकच उशी दिसली की मी आधण ठेवायला जातो. ती डोळे मिटूनच म्हणते, "झाली का मोजणी, सारंग?"

सारंग हे माझं नाव नाही. जहाजावर खलाशी म्हणून चढलो आणि बोसन होऊन उतरलो. बोसनला आमच्या कोकणात सारंग म्हणतात. डेकवरची सगळी माणसं त्याच्या हुकमात. पण इथे सिंगापुरात या नावाने मला हाक मारली ती मोघे डॉक्टरांनी, आणि ही मोजणीही त्यांनीच माझ्या मागे लावली. त्यांच्यावर लिहायचं कधीपासून मनात होतं. मी चौथी पास. पाचवीत मास्तरांनी कान पिरगळला म्हणून शाळा सोडली आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. सूनबाई हे टाइप करून देणार आहे, एकही शब्द बदलायचा नाही या अटीवर.

मुलगा प्रशांत चांगी बिझनेस पार्कात एका बँकेच्या कॉम्प्युटरवर काम करतो. सून मेघना तिथेच दुसऱ्या कंपनीत. नात रिया लहान होती, म्हणून आम्ही दोघं सहा महिने गावी आणि सहा महिने इथे पुंगोलला असं करायचो. आम्ही नवव्या मजल्यावर. डॉक्टर बाराव्या मजल्यावर, त्यांच्या अनघाकडे. बायको गेल्यावर एकुलत्या लेकीने त्यांना आणलं होतं.

इमारतीच्या तळाला मोकळा मजला असतो, त्याला इथे वॉइड डेक म्हणतात. तिथल्या दोन बाकांवर संध्याकाळी पाचला आमचा कट्टा भरायचा. पुण्या-मुंबईच्या, सातारा-अमरावतीच्या पोरांचे आईबाप, सगळे नातवंडं सांभाळायला आलेले. पोरं समोर घसरगुंडीवर आणि आम्ही बाकावर.

आता इथे येणारा प्रत्येक म्हातारा दोन बॅगा आणतो. एकीत मेतकूट, लोणचं, कुळथाचं पीठ. दुसरीत गोळ्या. इथलं हॉस्पिटल महाग आणि पाहुण्या म्हाताऱ्याला विमा नाही. म्हणून परतीच्या तिकिटाची तारीख केमिस्टला सांगायची आणि त्या तारखेपर्यंत पुरतील तेवढ्या पट्ट्या बांधून घ्यायच्या. कुणाच्या संपल्या तर शेजारच्याने द्यायच्या, वाटीभर साखर द्यावी तशा. दुखलं-खुपलं मुलांना सांगायचं नाही. मुलं कामाची, त्यांना ताप नको. हा कट्ट्याचा कायदा होता, आणि तो करण्यात मी पुढे होतो.

डॉक्टर पहिल्यांदा उतरले तेव्हा अमरावतीच्या देशपांडेबाई कुणाला तरी बीपीची पट्टी देत होत्या. उंच, सडपातळ माणूस, पांढरा हाफ शर्ट, पायात काळे बूट आणि दोन्ही हात पाठीमागे. पाठीमागच्या हातात मिटलेली छत्री, दोन्ही मुठींत घट्ट धरलेली. ते म्हणाले, "बाई, ती पट्टी जरा वर धरा. मी हात लावणार नाही." बाईंनी धरली. "आणि तुमची स्वतःची?" तीही धरली.

"या दोन्ही एकच गोळ्या आहेत. नावं दोन, औषध एक. तुम्ही दोन्ही घेता?"

"हो. ही आमच्या डॉक्टरांची आणि ही कुलकर्णीबाईंनी जाताना ठेवलेली. चांगली आहे म्हणाल्या."

"मग उठताना चक्कर येते ती सिंगापूरच्या हवेने नाही."

कट्टा खूप हसला. देशपांडेबाईही हसल्या. त्या दिवसापासून जो तो पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे. ते बाकावर कधी बसले नाहीत. उभे राहून, हात मागे ठेवून, वाकून पट्ट्यांवरची नावं वाचायचे. कुणी मनगट पुढे केलं तर एक पाऊल मागे सरायचे. "इथलं लायसन नाही माझ्याकडे. इथे मी फक्त बघतो."

मी एकदा चेष्टा केली, "डॉक्टर, हात बांधून ठेवल्यासारखे का उभे राहता? पोलीस बघतोय का?"

"सोडले तर नाडीवर जातात, सारंग. पन्नास वर्षांची सवय आहे, ऐकत नाहीत."

त्यांचं आयुष्य खाडीकाठच्या एका लहानशा गावात गेलं. पक्का रस्ता झाला नव्हता तेव्हापासून तिथे एकच डॉक्टर, तो म्हणजे हे. भरतीला होडीने, ओहोटीला चिखलातून चालत. बाळंतपणं, मोडलेली हाडं, सर्पदंश, दाढा, आणि नड पडली तर म्हैससुद्धा. मिक्श्चर स्वतः ढवळायचे, आणि बाटलीला कागदाची पट्टी डकवून कात्रीने डोसाच्या खुणा पाडायचे. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं, कॉफी शॉपमध्ये, बिनसाखरेच्या काळ्या कोपीवर. कॉफीला इथे कोपी म्हणतात. स्वतःबद्दल बोलायला लागले की दोन वाक्यांत थांबायचे आणि समोरून जाणाऱ्या माणसाकडे बघायचे.

बघणं म्हणजे कसं? एलआरटीचं, म्हणजे इथल्या छोट्या ट्रेनचं, दार उघडलं की लोक तोंडं बघतात, हे पाय बघायचे. आमच्या ब्लॉकमध्ये एक चिनी आजोबा होते. डॉक्टर म्हणाले, "त्यांचा उजवा हात बघा. तपकीर चोळल्यासारखी बोटं हलतात. कंपवात सुरू झालाय."

"त्यांना माहीत असेल?"

"ते सांगता येत नाही. बायकोला माहीत आहे. ती आता त्यांच्या उजव्या अंगाने चालते."

मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाहिलं. म्हातारी उजव्या अंगालाच होती, आणि तिचा हात त्याच्या बाहीला अर्ध्या वितीवर तयार. आपणही रोज या माणसापुढून चालत जातो, असं वाटून गेलं.

साताऱ्याचे शिंदे म्हणजे कट्ट्याचा प्राण. एसटीत कंट्रोलर होते. आवाज असा की खालून हाक मारली तर दहाव्या मजल्यावर ऐकू जाई. त्यांना सिंगापूरची फुलं फार आवडायची. पाण्याकाठच्या फुटपाथवर फिरायला निघाले की तीस-चाळीस पावलांवर थांबायचे, कंबरेवर हात ठेवून फुलं न्याहाळायचे, मग पुढे. आम्ही त्यांना माळीबुवा म्हणायचो.

डॉक्टर चार दिवस त्यांच्या मागून चालले. पाचव्या दिवशी कट्ट्यावर, सगळ्यांदेखत म्हणाले, "शिंदे, तिकीट कधीचं?"

"दिवाळी करूनच जाणार, डॉक्टर. सून सोडत नाही."

"अलीकडे आणा. या आठवड्याचं बघा. आणि मुलाला आज सांगा की फुलं बघायला थांबता तेव्हा छातीत काय होतं."

शिंद्यांचं हसू अर्ध्यावर राहिलं. मग मोठ्याने म्हणाले, "माझ्या छातीत एसटीचं इंजिन आहे हो. चढाला जरा घुरघुरतं, एवढंच."

पुढच्या रविवारी मुलाने त्यांना ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर नेलं. पोरं सायकली चालवत होती. शिंदे समुद्राकडे तोंड करून बाकावर बसले. पोरं दोन फेऱ्या मारून आली तरी ते तसेच बसले होते. मुलाला वाटलं, जहाजं बघतायत.

पेटी विमानातून गेली. त्याची कागदपत्रं करताना मुलगा जो वाकला, तो पुढे मला सरळ झालेला दिसला नाही.

त्यानंतर कट्टा बदलला. कुणी उघड बोललं नाही, पण देशपांडेबाई एकदा हळूच म्हणाल्या, "काळी जीभ आहे हो त्यांची. ज्याला तिकीट विचारलं तो गेला." डॉक्टर लिफ्टमधून बाहेर आले की बायका पोरांना हाका मारायला लागायच्या. पुरुष पाय बाकाखाली घ्यायचे. पिशव्या यायच्या बंद झाल्या. डॉक्टरांना ते दिसत नव्हतं असं नाही. त्यांना सगळंच दिसायचं. ते आपले खांबाजवळ उभे राहायचे, छत्री मागे धरून. मी एकटा त्यांच्याशी बोलत होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. जन्म वादळात काढला, एका म्हाताऱ्याच्या जिभेला काय भ्यायचं?

मग एके दिवशी त्यांनी आमच्या हिला विचारलं, "वहिनी, उशा किती घेता?"

ही हसली. "हे काय विचारणं? एक."

"बरं," म्हणाले आणि खांबाकडे गेले.

महिन्याभराने पुन्हा तोच प्रश्न. ही म्हणाली, "दोन. मान अवघडते हल्ली."

"आणि मोज्यांचा वळ उठतो का घोट्यावर?"

हिने खाली पाहिलं. मीही पाहिलं. वळ होता, खोल, दोरीने बांधल्यासारखा. गुडघा दुखतो म्हणून देशपांडेबाईंची एक गोळी ती रोज घेत होती. सूज गुडघ्याचीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "सारंग, तिकीट कधीचं?"

बाकावर सगळ्यांनी पाय आत घेतले. पलीकडे घसरगुंडीवर पोरं ओरडत होती तेवढंच. हिचा चेहरा मी पाहिला, आणि माझं डोकं फिरलं.

"डॉक्टर, डेकवर वादळाचं नाव काढणाऱ्याला आम्ही खाली पाठवायचो."

"नाव काढल्याने वादळ येत नाही. ढग असतात म्हणून येतं."

"आमच्या घरावर ढग नाहीत."

"गोळ्या कधीपर्यंत पुरतील, एवढंच विचारतोय. बघा, वहिनींना..."

"तुम्हाला इथे विचारायचं लायसन नाही," मी म्हणालो.

हे मी सर्वांसमोर म्हणालो. "खरं आहे," डॉक्टर म्हणाले आणि लिफ्टकडे गेले. मागच्या मुठी पांढऱ्या पडल्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी प्रशांतला सांगितलं, आमची तिकिटं दोन महिने पुढे ढकल. शिंद्यांना अलीकडे आणा म्हणाला, मी पुढे नेऊन दाखवतो, बघू कुणाची जीभ काळी. पोराला आनंदच झाला. सून म्हणाली, "बरं झालं, रियाचं कॉन्सर्टही बघून होईल." हिने माझ्याकडे पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

गोळ्या जुन्या तारखेपर्यंतच होत्या. मला ते सुचलंच नाही. तिला सुचलं. तिने गावच्या डॉक्टरांची बीपीची गोळी आणि तिच्याबरोबर दिलेली लघवी होण्याची गोळी सुरीने अर्धी करून पुरवायला सुरुवात केली. मला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. कायदा माझाच होता.

त्याच दिवसांत धूर आला. समुद्रापलीकडे सुमात्रात रानं पेटली की वारा इकडचा असला तर तो येतो, पण त्या वर्षी आला तसा मी कधी पाहिला नव्हता. दुपारी तीनला सूर्य संत्र्यासारखा, डोळे रोखून बघता येईल असा. समोरचा ब्लॉक नाहीसा झाला. घरात जळक्या पाचोळ्याचा वास. रिया खिडक्यांपाशी पळत जायची, इथल्या पोरांच्या बोलीत ओरडायची, "आजोबा, विंडो क्लोज लाह!" कट्टा बंद पडला. जो तो आपापल्या फ्लॅटमध्ये, एसी लावून.

ही खोकायला लागली. सगळेच खोकत होते. मी म्हटलं, धूर आहे. दोनच्या तीन उशा झाल्या, मी म्हटलं, धूर आहे. मग एका सकाळी जाग आली तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, पाय खाली सोडून, दोन्ही हात गादीवर टेकून. "झोपले की पाण्यात गेल्यासारखं होतं हो," म्हणाली.

मी त्यालाही धूरच म्हणालो. खोटं कशाला लिहू? मला आतून कळलं होतं. पण बाराव्या मजल्यावर जाऊन त्या माणसापुढे मान खाली घालायची, त्यापेक्षा मला तो धूर बरा वाटत होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मला या बंद खोलीत कोंडतंय. खाली न्या." मुलं ऑफिसात, रिया शाळेत. तोंडाला मास्क लावून आम्ही उतरलो. खाली चिटपाखरू नव्हतं. दिवसा दिवे लागले होते. बाकावर बसली तर खांदे वरखाली व्हायला लागले. ओठांचा रंग मला आवडला नाही.

खांबाजवळ डॉक्टर उभे होते. त्या धुरात, एकटे, पाचला कट्टा भरतो म्हणून अडीचलाच येऊन उभे राहिल्यासारखे. मला पुढे कळलं की आमचं बोलणं तुटल्यापासून ते रोज दोनदा खाली येत होते. ही फिरायला निघते का, कशी चालते, ते बघायला.

ते जवळ आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. "वहिनी, उशा किती?"

तिने माझ्याकडे पाहिलं. परवानगी मागितल्यासारखं. ते डोळे मला अजून दिसतात.

"तीन," ती म्हणाली. "काल... बसूनच होते."

छत्री फरशीवर पडली. डॉक्टरांचे हात पुढे आले. त्यांनी तिचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढला, मानेच्या शिरा पाहिल्या, वाकून घोट्यात बोट रुतवलं. खळगा तसाच राहिला. सगळं इतक्या चपळाईने, की ऐंशीचा माणूस तो हा नव्हेच.

"सारंग, फोन लावा."

"प्रशांतला?"

"अँब्युलन्सला. प्रशांतला नंतर."

"धूर आहे डॉक्टर, जरा बसली की..."

"फुप्फुसात पाणी भरलंय. जहाजात पाणी शिरलं तर तुम्ही धुराला दोष देता का?" आवाज चढला नव्हता. "माझे हात मोकळे नाहीत. लावा फोन."

मी लावला. जहाजावरचं इंग्रजी कामाला आलं. पुंगोल, ब्लॉक नंबर, ओल्ड लेडी, ब्रीदिंग नो गुड, कम फास्ट. पलीकडची मुलगी शांतपणे विचारत होती, मी सांगत होतो. गाडी येईपर्यंत डॉक्टरांनी तिला ताठ बसवून ठेवलं, पाय खाली सोडून. मनगट सोडलं नाही. अँब्युलन्सच्या माणसांनी तिला ताब्यात घेतलं तेव्हाच सोडलं. आणि लगेच हात पाठीमागे गेले, चोरी पकडल्यासारखे.

हॉस्पिटलात एकाने मला काचेबाहेर बसवलं. पोरगा यायचा होता. डॉक्टर माझ्यासमोर उभे. बसा म्हटलं तरी बसेनात. उभ्यानेच बोलायला लागले.

"आमची ही गेली ना, तेव्हा गावात बारा खेड्यांच्या उशा मी मोजत होतो. कोण किती घेतो, कोण बसून झोपतो. हृदय थकलं की आडवं पडून दम लागतो, उशा वाढत जातात. घरी यायचो तर हिच्या पलंगावर एकच उशी, चादर ताणलेली. ती माझ्याआधी उठायची. गेल्यावर कपाट उघडलं, तर बाकीच्या तीन आत. रोज सकाळी लपवायची. पेशंट खोळंबलेत, यांना कशाला ताप."

मी खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"तिकीट विचारतो म्हणून लोक मला टाळतात," ते म्हणाले. "गोळ्या तिकिटावर मोजून आणता तुम्ही लोक. ज्याच्यात काही दिसतं त्याला तारीख विचारतो. औषध पुरेल का, घर गाठेल का, एवढंच बघायचं असतं. आणि शिंद्यांना मी एकटं गाठून सांगायला हवं होतं. चारचौघांत विचारलं म्हणून ते हसले. ती चूक माझी."

ही वाचली. आठ दिवसांनी घरी आली. चहापत्तीच्या डब्यामागे प्रशांतला अर्ध्या गोळ्यांची पुडी सापडली, ती त्याने माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि ऑफिसला गेला. मी ती पुडी अजून टाकलेली नाही.

मग वारा फिरला, धूर गेला, कट्टा पुन्हा भरायला लागला. गुडघ्याच्या गोळीने अंगात पाणी साठतं हे कळल्यावर देशपांडेबाईंनी गोळ्यांची देवघेव बंद केली. पण डॉक्टर खाली येईनात. एक दिवस, दोन, चार. ही म्हणाली, "जाऊन या वर. आणि हातात काहीतरी न्या." तिने कुळथाचं पिठलं आणि मऊ भात डब्यात भरून दिला.

अनघा ऑफिसात होती. दार डॉक्टरांनी उघडलं, उघडून दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "या सारंग." आपल्या खोलीत नेलं. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर बसले. ते आधी बसले, हेच मला टोचलं. हात मागे नव्हते. मांडीवर होते.

इकडचं तिकडचं बोललो. पलंगावर एकच उशी, चादर ताणलेली. पायांत मोजे, घरातसुद्धा. आणि पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर मला डाग दिसला. खोबरेल तेलाचा, वाटीएवढा. झोपलेल्या माणसाचं डोकं लागेल तिथे नव्हे. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल तिथे, चांगला हातभर वर.

मी डागाकडे बघितलं. मग कपाटाकडे. त्यांनी माझ्या डोळ्यांमागे डोळे नेले.

"शिकलात की," ते म्हणाले.

"डॉक्टर, तिकीट कधीचं?"

"गुरुवारचं. मीच काढायला लावलं. अनघाला सांगितलंय, घराच्या सातबाऱ्याचं काम आहे. विमानतळावर व्हीलचेअर मिळते, सोपं आहे."

"गावी कोण आहे?"

"खाडी आहे."

"घराला कुलूप आहे तुमच्या."

"किल्ली आहे माझ्याकडे." दम लागला म्हणून थांबले. "सारंग, आमच्या हिला मी बघितलं नाही. आता मला बघायला तिची लेक का राबवू? तिचं प्रमोशन अडकलंय, पोराची परीक्षा आहे. हे आपल्यात राहू दे. शब्द द्या."

मी शब्द दिला. जन्मात दिलेला शब्द मी फिरवलेला नाही. बंदरात, जहाजात, कुठेही विचारा.

बुधवारी रात्री डोळा लागला नाही. ही पलंगावर एका उशीवर झोपली होती. मी तिचा श्वास ऐकत होतो.

गुरुवारी सकाळी टॅक्सी वॉइड डेकपाशी लागली. कट्ट्यातली चारजणं निरोपाला उभी, आता कुणी पाय लपवत नव्हतं. डॉक्टर पांढऱ्या शर्टात, काळे बूट, हात पाठीमागे, छत्री घट्ट धरलेली. त्या दिवशी ती छत्री टेकू म्हणून मागच्या खांबाला लावली होती, हे फक्त मला दिसत होतं. ड्रायव्हरने बॅग ठेवली. अनघा ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात पास अडकवलेला, विमानतळावर सोडून तशीच कामावर जाणार होती. ती माझ्याकडे आली.

"काका, बाबा बरे वाटतात ना तुम्हाला? मी दिवसभर नसते. तुम्ही रोज बघता त्यांना."

तिच्या खांद्यावरून डॉक्टर माझ्याकडे बघत होते. ते बघणं मला माहीत होतं, पण या वेळी त्यात विनवणी होती. मी हिच्याकडे पाहिलं. ही बाकावर बसलेली, पायांत सैल मोजे.

"कपाट उघड," मी अनघाला म्हणालो. "त्यांच्या खोलीतलं. उशा मोज. आणि पलंगामागच्या भिंतीवर तेलाचा डाग आहे, तो किती उंचावर आहे ते बघ. विमान जाऊ दे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग वळून बापाच्या पायांकडे बघितलं. काळ्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या होत्या. सुजलेल्या पायांवर बांधून पुरत नव्हत्या. ती वर गेलीच नाही. गळ्यातला पास काढून तिने पर्समध्ये कोंबला.

डॉक्टर म्हणाले, "सारंग, शब्द दिला होता."

"दिला होता," मी म्हणालो. "मोडला."

त्यांनी मान हलवली. रागाने की कशाने, ते मला आजही ठरवता येत नाही.

त्या टॅक्सीनंतर मी त्यांना पाहिलं नाही. अनघाने ड्रायव्हरला विमानतळ नको म्हणून सांगितलं आणि हॉस्पिटलचं नाव दिलं. महिन्याभराने ती रजा टाकून स्वतः त्यांना गावी घेऊन गेली. पावसाळाभर ते होते, आणि दाराला कुलूप नव्हतं. एवढं मला कळलं, पुढचं मी विचारलं नाही.

त्या गुरुवारी टॅक्सी वळणावर थांबली तेव्हा मागच्या काचेतून दोघं दिसत होती. अनघाने त्यांचं मनगट धरलं होतं, चार बोटांनी, भलत्याच जागी, पोरीला काय माहीत. डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांचा दुसरा हात आला, आणि त्यांनी तिची बोटं उचलून अंगठ्याच्या मुळाशी, जिथे नाडी लागते तिथे, नीट टेकवून दिली.